हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही

विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचायची सवय लागली की एक उत्तर दुरूनच ओळखू येतं. "(१) हे खरे नाही. (२), (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही." आमदारांनी पाच भागांत विचारलेल्या प्रश्नाचा दोन ओळींत निकाल. ही यादी गावाकडं व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा लोक म्हणतात, मंत्री धडधडीत खोटं बोलले. पुष्कळदा तसं नसतं. उत्तराचा मसुदा लिहिणारा मंत्रालयातला कक्ष अधिकारी शब्दशः खरंच लिहून गेलेला असतो, कारण विचारणाऱ्याने पहिल्याच भागात नाकारायला सोपं असं काहीतरी घालून ठेवलेलं असतं.

मराठवाड्यातून विधानसभेवर ४६ आमदार जातात, लोकसभेवर ८ खासदार. विधान परिषदेत पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ आहेत ते वेगळेच. विचारणारी तोंडं कमी नाहीत. प्रश्न लिहिण्याची तयारी कमी पडते. आणि खरं सांगायचं तर प्रश्न आमदार स्वतः क्वचितच लिहितात. तो लिहितात पीए, तालुक्यातला एखादा जाणता कार्यकर्ता, कधी पत्रकार, कधी ज्याचं काम अडलंय तो माणूस. म्हणून हे सगळं त्यांच्यासाठी.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं आणि ज्यावर पुढे उपप्रश्न विचारता येतात तो. त्याचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" आणि मग क्रमांक घातलेले भाग. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून "हे खरे आहे काय" असं विचारायचं. पुढचे भाग "असल्यास" या शब्दाने त्याच्यावर टेकलेले. शेवटचा भाग "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" साचा मोडायची गरज नाही, मुभाही फारशी नाही. पण पहिला भाग पडला की वरचं सगळं बांधकाम पडतं, हे लक्षात ठेवून तो लिहावा लागतो.

पीकविम्याचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडचे निम्मे प्रश्न तिथंच अडकतात. एक नेहमीचा मसुदा असा असतो: "मराठवाड्यातील शेतकऱ्यांना विमा कंपन्यांनी वाऱ्यावर सोडले असून एकाही शेतकऱ्याला अग्रिम रक्कम मिळाली नाही, हे खरे आहे काय?" यातलं "वाऱ्यावर सोडले" हा आरोप आहे. प्रश्नात आरोप, उपरोध, विशेषणं, तर्क चालत नाहीत, त्यामुळे विधानमंडळाचं सचिवालय ते कापतं किंवा प्रश्नच नाकारतं. "एकाही" हा शब्द त्याहून घातक. आठ जिल्ह्यांत एका शेतकऱ्याच्या खात्यावर हजार रुपये जरी पडले असले तरी "हे खरे नाही" हे उत्तर अचूक ठरतं. आणि "मराठवाडा" म्हटलं की आठ जिल्हे, वेगवेगळ्या कंपन्या, प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी अधिसूचना. इतका पसारा मागितला की "माहिती संकलित करण्यात येत आहे" हे उत्तर आपणच हातात दिल्यासारखं होतं.

आता खरीप २०२३ च्या संदर्भात तोच प्रश्न असा लिहून पाहा. त्या वर्षी पावसात २१ दिवसांहून मोठा खंड पडला होता आणि सोयाबीनच्या २५ टक्के अग्रिमासाठी, म्हणजे अंतिम भरपाईच्या आधी मिळणाऱ्या रकमेसाठी, जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढल्या होत्या.

(१) अमुक जिल्ह्यातील अमुक महसूल मंडळांत खरीप २०२३ मध्ये पावसाचा खंड पडल्याने सोयाबीन पिकासाठी मध्य हंगाम प्रतिकूल परिस्थितीची अधिसूचना जिल्हाधिकारी यांनी अमुक दिनांकास निर्गमित केली, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, सदर अधिसूचनेनुसार किती विमाधारक शेतकरी पात्र ठरले, आजमितीस किती शेतकऱ्यांच्या खात्यात किती रक्कम जमा झाली व किती रक्कम प्रलंबित आहे, याची मंडळनिहाय माहिती काय आहे;

(३) तसेच, विमा कंपनीने सदर अधिसूचनेवर कोणत्या मंडळांबाबत आक्षेप घेतला व त्यावरील अपिलात कोणत्या दिनांकास काय निर्णय झाला;

(४) असल्यास, निर्णयानंतरही प्रलंबित राहिलेली रक्कम १२ टक्के व्याजासह वसूल करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;

(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिला भाग सरकारच्याच कागदावर उभा आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेली अधिसूचना नाकारणार कोण? तिसरा भाग "असल्यास"ने नव्हे तर "तसेच"ने सुरू केलाय तो मुद्दाम. एखादा भाग असा सुटा ठेवला की पहिल्यावर "अंशतः खरे आहे" असं उत्तर आलं तरी हा भाग जिवंत राहतो.

इथंच एक सावधगिरी. योजना बदलते आणि प्रश्न जुनाच राहतो. एक रुपयात पीकविमा खरीप २०२३ पासून होता. खरीप २०२५ पासून राज्याने तो बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर. आता "अग्रिम का दिला नाही" असं विचारलं तर "योजनेत तशी तरतूद नाही" एवढंच ऐकून घ्यावं लागेल. आता प्रश्न कापणी प्रयोगांवर हवा. महसूल मंडळ हा घटक धरला तर एका पिकाचे किमान १० प्रयोग अपेक्षित असतात. ते १० झाले का, कोणत्या तारखांना, कोणत्या गट क्रमांकांत, कंपनीचा प्रतिनिधी हजर होता का, ॲपवर फोटो आणि ठिकाणाची नोंद चढली का, आणि उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई लागू होते ते, किती धरलं. एवढे सहा मुद्दे विचारले की उत्तरात आकडे द्यावेच लागतात.

प्रश्न कोणत्या खात्याला टाकायचा यावर आपल्याकडं हमखास गडबड होते, विशेषतः पाण्याच्या बाबतीत. गावाच्या लेखी तलाव तो तलाव. पण त्याची सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर तो सहसा जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टर असेल तर मृद व जलसंधारण विभागाकडे, त्यावर असेल तर जलसंपदेकडे. नळयोजना आणि जलजीवन मिशन पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे. शहराची पाणी योजना असेल तर सहसा नगरविकासकडे. चुकीच्या खात्याला गेलेला प्रश्न योग्य खात्याकडे वर्ग होतो खरा, पण त्या खात्याचा दिवस तोवर निघून गेलेला असू शकतो. खात्यांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला वार ठरवून दिलेला असतो. चार आठवड्यांच्या अधिवेशनात एका खात्याच्या वाट्याला चारच दिवस येतात, दोन आठवड्यांच्या हिवाळी अधिवेशनात दोनच. त्यातला एखादा गोंधळात वाहून गेला की संपलं.

केंद्र आणि राज्य यांची सरमिसळ हा दुसरा खड्डा. सोलापूरहून धाराशिव, बीड, संभाजीनगरमार्गे धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ खचला म्हणून विधानसभेत प्रश्न टाकला तर तो केंद्राचा विषय म्हणून बाजूला पडू शकतो. पण काही विषयांचे दोन्हीकडं पाय असतात, आणि ते ओळखता आले पाहिजेत. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग घ्या. रूळ, पूल, गाडी कधी धावणार, हे रेल्वे मंत्र्यांना लोकसभेत विचारायचं. पण निम्मा खर्च राज्याने उचलायचा असं ठरलेलं असल्याने राज्याचा हिस्सा किती दिला, कोणत्या अर्थसंकल्पात किती तरतूद केली, भूसंपादनाचा मोबदला किती जणांचा बाकी आहे, हे विधानसभेतच विचारायचं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की कोण कोणावर ढकलतंय ते कळतं. विमाही तसाच. योजना केंद्राची, अंमलबजावणी राज्याची, हप्त्याचं अनुदान दोघांचं.

लोकसभेत प्रश्न विचारण्याची रीत आपल्या विधानसभेहून थोडी वेगळी. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडत काढून. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, २३०. राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेत नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. एका दिवसासाठी खासदाराला ५ च नोटिसा देता येतात, तारांकित आणि अतारांकित मिळून. त्यामुळे खासदाराकडं वीस विषयांची यादी घेऊन जाण्यात अर्थ नाही, दोन विषय पक्के करून न्यावेत. अतारांकित प्रश्नाला कमी लेखू नका. सभागृहात टाळ्या मिळत नाहीत, पण जिल्हानिहाय तक्ता लेखी मिळतो, आणि पुढं चार वर्षं तो कामाला येतो. माझ्या मते आकडे हवे असतील तर अतारांकितच टाकावा, आणि मंत्र्याच्या तोंडून शब्द काढून घ्यायचा असेल तरच तारांकित.

विधानसभेचा तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या महिना-सव्वा महिना आधी टाकावा लागतो, हल्ली ऑनलाइन. म्हणजे कागद त्याच्याही आधी हातात हवेत. माहितीच्या अधिकारात उत्तराची मुदत ३० दिवस. ते दिलं नाही तर पहिल्या अपिलाला आणखी ३० ते ४५. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्न हवा असेल तर अर्ज मार्चच्या आतबाहेर गेला पाहिजे. लोक अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात फाईल घेऊन आमदाराच्या दारात उभे राहतात, तेव्हा तारांकितची वेळ टळलेली असते आणि हाती उरते फक्त तातडीच्या विषयाची लक्षवेधी सूचना.

वेळेचं महत्त्व जायकवाडीइतकं कुठंच दिसत नाही. गोदावरीच्या वरच्या नि खालच्या धरणांतल्या समन्यायी पाणीवाटपाचा आधार २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, आणि हिशेबाची तारीख १५ ऑक्टोबर. त्या दिवशी जायकवाडीच्या जलाशयाचा, नाथसागराचा, उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय उभा राहतो. पावसाळी अधिवेशन जून-जुलैत होतं. तेव्हा "यंदा पाणी सोडणार का" हे विचारणं म्हणजे गृहीतकावर प्रश्न, आणि गृहीतकावरचे प्रश्न नियमात बसत नाहीत. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात. त्याचे प्रश्न टाकायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, १५ तारखेचे साठे नुकतेच जाहीर झालेले असतात. २०२३ मध्ये गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर काढला आणि प्रत्यक्ष पाणी सुटलं नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात. मधले जवळपास चार आठवडे हा प्रश्नाचा खरा गाभा. आदेश कधी, दरवाजे कधी उघडले, कोणत्या धरणातून किती सोडलं, पैठणला किती पोहोचलं, वाटेत किती मुरलं नि किती उपसलं, नदीकाठची वीज त्या काळात बंद ठेवली होती का. "मराठवाड्यावर अन्याय" या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

प्रश्न स्वीकारला गेला की तो खाली उतरायला लागतो. मंत्रालयातून आयुक्तालय, जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषद, तिथून तहसील किंवा पंचायत समिती, शेवटी मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक. कार्यालयात याला कोणी तारांकित प्रश्न म्हणत नाही, "एलएक्यू आलाय" म्हणतात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन. परिषदेचा असेल तर "एलसीक्यू". त्याला बाकी सगळ्या टपालाच्या आधी मान. "आजच, विशेष दूतामार्फत किंवा ईमेलने" असा शेरा मारलेला असतो. माहिती त्याच वाटेने वर जाते, आणि प्रत्येक पायरीवर तिची धार थोडी बोथट होते. तलाठ्याने "४२ शेतकऱ्यांचे पंचनामे बाकी" असं लिहिलेलं असतं, मंत्रालयापर्यंत जाता जाता त्याचं "पंचनाम्याची कार्यवाही अंतिम टप्प्यात आहे" असं होतं. म्हणून प्रश्नात "आजमितीस", "दिनांक अमुक अखेर", "मंडळनिहाय" हे शब्द हवेत. तारीख आणि घटक बांधून दिला की गुळगुळीत वाक्याला जागा राहत नाही. खालच्या माणसाला भेटून त्याने वर काय पाठवलं याची आवक-जावक क्रमांकासह नोंद करून ठेवता आली तर उत्तमच. छापील उत्तर आणि ती नोंद यांत फरक निघाला की उपप्रश्न आपोआप तयार.

छापील उत्तराबरोबर मंत्र्यांसाठी एक जाड टिप्पणीही तयार होत असते, संभाव्य उपप्रश्नांची. ती सदस्यांना मिळत नाही. पण प्रश्नाच्या मजकुरावरून जे उपप्रश्न सहज सुचतात ते त्यात असतात असं धरून चालावं. न सुचणारा विचारायचा तर स्थानिक बारकावा लागतो, आणि तो मंत्रालयात बसून कोणाला कळत नाही.

तासाभरात किती प्रश्न पुकारले जातात? यादी मोठी असते, चर्चेला येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका प्रश्नावर वीस मिनिटं गेली की खालचे तितके मागे. न पुकारलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर येतात, पण उपप्रश्नाची संधी जाते. आपला प्रश्न वर यावा म्हणून एक जुनी युक्ती आहे. एकाच विषयावर चार-पाच आमदारांनी स्वतंत्र नोटिसा द्यायच्या. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, सगळ्यांची नावं छापून येतात, सोडतीत नशीब उघडायची शक्यता वाढते, आणि पुकारला गेला की त्या प्रत्येकाला उपप्रश्नासाठी उभं राहता येतं. उसाच्या थकबाकीवर, कापूस खरेदी केंद्रांवर मराठवाड्यातले वेगवेगळ्या पक्षांचे आमदार असं सहज करू शकतात. फार वेळा करत नाहीत ही गोष्ट वेगळी.

तुमचा आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारणार नाही. अशा मतदारसंघातल्या लोकांना वाटतं आपला माणूस वर बसलाय, आता काळजी नाही. प्रश्नोत्तरांच्या बाबतीत मात्र तो मतदारसंघ मुका होतो. शेजारच्या तालुक्याचा आमदार किंवा परिषदेतला पदवीधर-शिक्षक आमदार गाठावा लागतो.

उपप्रश्न भाषणात घालवणं ही सार्वत्रिक सवय आहे. चार मिनिटं गावाची कहाणी, मग "याबाबत शासन गंभीर आहे का?" मंत्री म्हणतात, "शासन गंभीर आहे." खाली बसा. उपप्रश्न एका वाक्याचा हवा, आणि त्याचं उत्तर आकडा, तारीख किंवा हो-नाही यांपैकी एकच असायला हवं. "छापील उत्तरात निविदा प्रक्रिया सुरू आहे असं म्हटलंय. निविदा कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाली आणि आजपर्यंत किती गुत्तेदारांनी भरली?" याला "गंभीर आहे" हे उत्तर देता येत नाही. उपप्रश्न मूळ प्रश्नातून निघालेला असावा लागतो. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेवरच्या प्रश्नात कोणी आपल्या गावच्या रोहित्राचा विषय काढला की "यातून उद्भवत नाही, स्वतंत्र सूचना द्यावी" हे ठरलेलं, आणि दोन मिनिटं वाया.

टाळाटाळीची काही ठरीव वाक्यं आहेत. "तपासून घेऊ." "सन्माननीय सदस्यांसोबत माझ्या दालनात बैठक लावू." "न्यायप्रविष्ट आहे." बैठकीचं आश्वासन आलं की आमदार खूश होऊन बसतात, कारण बाहेर सांगायला काहीतरी मिळतं. तिथंच विचारायला हवं, बैठक अधिवेशन संपण्याआधी होणार का, आणि इतिवृत्त पटलावर ठेवणार का. उत्तर फारच पोकळ असेल तर अध्यक्षांना "प्रश्न राखून ठेवावा" अशी विनंती करता येते. राखून ठेवलेल्या प्रश्नाला मंत्र्याला परत तयारीनिशी यावं लागतं. न्यायप्रविष्टचं म्हणाल, तर औरंगाबाद खंडपीठात याचिका आहे म्हणून सगळा विषय बंद होत नाही. वादाचा मुद्दा सोडून द्यावा आणि विचारावं, शासनाने शपथपत्र कोणत्या तारखेला दाखल केलं, अंतरिम आदेशाचं पालन झालं का, तोवर खर्च किती झाला.

एक प्रश्न काय करू शकतो याचं मराठवाड्यातलं ठळक उदाहरण बीडचं आहे. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली जातात ही चर्चा जिल्ह्यात बरीच आधीपासून होती, बातम्याही आल्या होत्या. जून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत तो विषय लावून धरला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात आकडा दिला: तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया. त्या दिवशीपासून ती बातमी राहिली नाही, शासनाची कबुली झाली. चौकशी समिती नेमली गेली. नंतरच्या प्रत्येक अर्जात, निवेदनात, अहवालात तो आकडा आधार म्हणून आला. विचारणारी सदस्य त्या वेळी सत्ताधारी आघाडीतलीच होती, हेही विसरू नये. प्रश्न विचारणं फक्त विरोधकांचं काम आहे असं मानणाऱ्या आमदारांना हे दाखवावं.

बाकीची आयुधं थोडक्यात. विधानसभेत नियम १०५ ची लक्षवेधी ताज्या आणि तातडीच्या विषयासाठी. अधिवेशन चालू असताना देता येते, मंत्र्याचं छापील निवेदन मिळतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. "लक्षवेधी लागली का" हे त्या दिवसांत विधान भवनात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. परिषदेत तिचा नियम १०१. नियम ९४ ची अर्धा तास चर्चा मिळण्यासाठी आधी एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलेलं असावं लागतं, म्हणजे वाईट उत्तराचाही इथं उपयोग होतो. नियम २९३ खालची चर्चा मोठ्या धोरणाची, तिथं एका गावच्या पुलाचा प्रश्न हरवून जातो. ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव बहुधा फेटाळला जातो, सगळ्यांना ते माहीत असतं, तरी दिला जातो, कारण तो देताना दोन मिनिटं बोलायला मिळतात. कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करण्याची सूचना, अर्थसंकल्पी अधिवेशनात. तिथंही खात्याचा लेखाशीर्ष क्रमांक लिहून दिला तर अधिकारी दखल घेतात, नाहीतर ढिगात जाते.

प्रश्न दाखल करून मागे घेता येतो. तो हक्क आहे. पण एखाद्या ठेक्याबद्दल टाकलेला प्रश्न ऐन वेळी मागे घेतला गेला की तालुक्यात कुजबुज होणारच, आणि ती रास्त असते. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने आपल्या ११ सदस्यांना काढून टाकलं होतं. विचारण्याची किंमत लावता येते तशी न विचारण्याचीही लावता येते. प्रश्नाचा मसुदा देणाऱ्याने दाखल झाल्याचा क्रमांक मागून घ्यावा.

नकारार्थी उत्तर आलं म्हणजे विषय संपला असंही नाही. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत घातलेल्या पैशाचा विषय लोकसभेत आधी प्रश्नोत्तरांतच आला होता आणि उत्तरं निसटती होती. खासदार फिरोज गांधी कागद गोळा करून १६ डिसेंबरला उभे राहिले, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. सगळ्याच प्रश्नांचं असं होत नाही. पण निसटत्या उत्तरातही पुढच्या प्रश्नाचं साहित्य असतं.

सभागृहात मंत्री जे बोलतात ते प्रतिवेदक शब्दशः टिपतात, आणि "चौकशी करू", "विचाराधीन आहे", "एका महिन्यात पूर्ण करू" यांसारखी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात. त्यांचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. संसदेत आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते. समितीपुढं मंत्री नव्हे तर सचिव येतात, आणि तिथं भाषणबाजी चालत नाही. पण समितीकडं आश्वासनांचा डोंगर असतो. आपलं आश्वासन वर यावं असं वाटत असेल तर कार्यवृत्तातली तारीख, प्रश्न क्रमांक आणि मंत्र्याचं नेमकं वाक्य लिहून आमदारामार्फत समितीला पत्र द्यावं, आणि प्रत्यक्षात काम कुठं थांबलंय त्याचा फोटो, मोजमाप पुस्तिकेची प्रत, जे असेल ते जोडावं.

पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न मग मंत्र्यांच्याच वाक्यापासून सुरू करायचा. "दिनांक अमुक रोजी तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात सदर काम मार्चअखेर पूर्ण करण्यात येईल असे नमूद करण्यात आले होते, हे खरे आहे काय; असल्यास, दिनांक अमुक अखेर सदर कामाची भौतिक प्रगती किती टक्के आहे व किती देयके अदा करण्यात आली." उत्तर मिळालेला तोच प्रश्न पुन्हा घेत नाहीत, म्हणून भौतिक प्रगती आणि देयकं ही नवी बाब आत घालावी लागते. काम ४० टक्के आणि देयकं ८० टक्के निघाली तर पुढचा प्रश्न वित्त विभागाला आणि एक प्रत सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीला.